रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस सहा दिवसांत: फोनवर सहल कशी आखायची आणि कुठे फसायला होतं?

रात्रीचे साडेदहा, व्हेनिस. फोनची बॅटरी चार टक्के. हॉटेलचा पत्ता ईमेलमध्ये, ईमेल उघडायला नेट नाही, आणि मॅपवरचा निळा ठिपका कधी कालव्याच्या अलीकडे तर कधी पलीकडे. मला पत्त्यातलं आठवत होतं ते एवढंच: 'कास्तेल्लो' आणि चार आकडे. गल्लीचं नाव त्या पत्त्यात नव्हतंच. शेवटी बंद व्हायला आलेल्या एका कॅफेवाल्याने दहा मिनिटं फोन चार्जिंगला लावू दिला आणि मी झोपायला पोहोचलो.

त्या दिवशी एक गोष्ट नीट कळली. माहिती 'फोनमध्ये असणं' आणि नेट नसताना, बॅटरी संपत आलेली असताना ती हाताशी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांबच्या सहलीत एक संध्याकाळ वाया गेली तर चालून जातं. सहा दिवसांत तीन शहरं करायची असतील तर अर्धा दिवसही महाग पडतो, कारण तो परत मिळत नाही.

इटलीच्या अशा छोट्या सहलीसाठी फोनवर काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि निघण्याआधी काय तपासायचं, ते इथे एकत्र दिलं आहे. किमती आणि नियम बदलत राहतात, त्यामुळे बुकिंग करताना अधिकृत साइटवर एकदा खात्री करून घ्या.

१. आधी वार बघा, मग शहरं लावा

बहुतेक जण आधी विमान बुक करतात आणि मग काय बघायचं ते शोधतात. इटलीत हे उलटं करावं लागतं, कारण मोठ्या ठिकाणांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी असतात.

- व्हॅटिकन म्युझियम्स (रोम): रविवारी बंद. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी मोफत उघडं, पण तेव्हा प्रचंड रांग.
- सेंट पीटर्स चौक (व्हॅटिकन): पोप रोममध्ये असतील तर बुधवारी सकाळी त्यांची सार्वजनिक सभा असते. त्या वेळी चर्च बघायला जाणं अवघड.
- बोर्गेझे गॅलरी (रोम): सोमवारी बंद. दोन तासांचे स्लॉट, आधी बुकिंग सक्तीचं.
- उफ्फिझी आणि अकादेमिया (फ्लोरेन्स): दोन्ही सोमवारी बंद. मायकेलअँजेलोचा 'डेव्हिड' अकादेमियात आहे.
- फ्लोरेन्सचं कॅथेड्रल: रविवारी प्रार्थनेसाठी राखीव, पर्यटकांना आत प्रवेश नाही.
- सरकारी संग्रहालयं आणि पुरातत्त्व स्थळं: महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत. ऐकायला छान, पण कमी दिवस असतील तर गर्दीमुळे तो दिवस टाळलेला बरा.

हे सगळं सांभाळून माझ्या मते सोपा क्रम असा:

- बुधवार: रोमला पोहोचणं, संध्याकाळी पँथिऑन आणि त्रेवी कारंज्याच्या बाजूने पायी फेरफटका
- गुरुवार: व्हॅटिकन
- शुक्रवार: कोलोसियम, फोरम, पॅलाटाइन टेकडी
- शनिवार: सकाळच्या ट्रेनने फ्लोरेन्स, कॅथेड्रल, दुपारी उफ्फिझी
- रविवार: सकाळी अकादेमिया, संध्याकाळच्या ट्रेनने व्हेनिस
- सोमवार: व्हेनिस

विमान शोधताना 'राउंड ट्रिप' ऐवजी 'मल्टी-सिटी' हा पर्याय निवडा: जाताना रोम, येताना व्हेनिस. तिकीट थोडं महाग दिसलं तरी व्हेनिसहून परत रोमला येण्याचं भाडं आणि जवळजवळ अर्धा दिवस वाचतो.

ही सगळी आखणी गुगल कॅलेंडरमध्ये टाकणार असाल तर टाइम झोन 'रोम' निवडा. इटली आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात. भारतीय वेळेने टाकलेला नऊचा स्लॉट तिथे पोहोचल्यावर कॅलेंडरमध्ये पहाटेचा दिसू लागतो आणि भलत्याच वेळी अलार्म वाजतो.

२. व्हिसा आणि बुकिंग: कोणतं आधी?

भारतीय पासपोर्टवर इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. लक्षात ठेवायच्या गोष्टी:

- अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. शेवटच्या तारखेची वाट बघू नका, अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो.
- जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिसा शुल्क ९० युरो आहे. अर्ज केंद्राचे सेवा शुल्क वेगळे.
- प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो.
- परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध हवा आणि तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा.

इथे एक पेच आहे. व्हिसासाठी प्रवासाचा आराखडा दाखवावा लागतो, आणि व्हिसा हातात नसताना परत न मिळणारी तिकिटं काढणं धोक्याचं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मोफत रद्द करता येणारी हॉटेलं, मग व्हिसा, मग संग्रहालयांचे स्लॉट, आणि स्लॉट पक्के झाल्यावर ट्रेन. स्लॉट मिळतो तसा दिवस हलवावा लागतो. स्वस्त ट्रेन तिकीट मात्र हलवता येत नाही.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर नवी 'एन्ट्री-एक्झिट' पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाच्या वेळी चेहऱ्याचा फोटो घेऊन तुमची डिजिटल नोंद होते. त्यामुळे विमानतळावर उतरल्यानंतर लगेच तासाभरातली ट्रेन पकडायचा बेत करू नका.

३. संग्रहालयाची तिकिटं: खरी साइट कशी ओळखायची?

'कोलोसियम तिकीट' असं सर्च करून बघा. वर येणारे पहिले काही रिझल्ट अनेकदा जाहिराती असतात. त्या साइट बेकायदा असतीलच असं नाही. पण त्या मूळ तिकिटावर ऑडिओ गाइड, 'स्किप द लाइन' असं काहीबाही चढवून तेच तिकीट कितीतरी जास्त किमतीला विकतात. बॉट वापरून तिकिटं आधीच उचलण्याचा प्रकार इतका वाढला की २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने कोलोसियमच्या तिकिटांवरून संबंधित कंपन्यांना मिळून जवळपास दोन कोटी युरो दंड ठोठावला.

ओळखायची सोपी पद्धत:

- सर्च रिझल्टच्या वर 'स्पॉन्सर्ड' असं लिहिलं असेल तर ती जाहिरात आहे, खाली या.
- तिकीट विकणाऱ्या साइटपासून सुरुवात करू नका. आधी त्या संस्थेची स्वतःची साइट उघडा आणि तिथल्या 'तिकीट' बटणावरून पुढे जा. कोलोसियमची संस्था 'पार्को आर्केओलॉजिको देल कोलोस्सेओ' आहे, उफ्फिझीची 'गॅलरिए देली उफ्फिझी', व्हॅटिकनची 'मुझेई व्हातिकानी'.
- 'फक्त दोन तिकिटं शिल्लक' असं उलटं धावणारं घड्याळ दिसलं की थांबा आणि पत्त्याची पट्टी पुन्हा वाचा.

कोलोसियमची तिकिटं साधारण ३० दिवस आधी खुली होतात. भेटीच्या तारखेच्या महिनाभर आधीचं रिमाइंडर लावून ठेवा. त्याच तिकिटात फोरम आणि पॅलाटाइनही येतं, त्यामुळे त्या भागासाठी निदान अर्धा दिवस धरा. पँथिऑनलाही जुलै २०२३ पासून तिकीट आहे. जुन्या व्हिडिओंमध्ये 'मोफत' सांगतात, ते आता खरं नाही.

फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचं गणित वेगळं आहे. कॅथेड्रलमध्ये जायला पैसे लागत नाहीत. पण ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात बांधलेल्या घुमटावर चढायचं असेल तर वेळेचं आरक्षण सक्तीचं आहे. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही. शेजारचा जोत्तोचा मनोरा ४१४ पायऱ्यांचा आहे, आणि तिथून घुमटाचा फोटो घेता येतो. घुमटावर उभं राहून तो मिळणार नाही!

नावाचा घोळ. हे खास आपल्यासाठी. ऑक्टोबर २०२३ पासून कोलोसियमच्या तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि प्रवेशाच्या वेळी ओळखपत्राशी ते ताडून बघतात. महाराष्ट्रातल्या अनेकांच्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. आपण मात्र ऑनलाइन फॉर्म भरताना सवयीने फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव टाकतो. विमान, ट्रेन आणि संग्रहालय, तिन्हीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव टाका. ग्रुपचं बुकिंग एक जण करत असेल तर सगळ्यांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो आधी मागवून घ्या. 'बंटी' आणि 'पिंकी' या नावांनी तिकीट काढू नका.

४. ट्रेन: हायस्पीड आणि रीजनल यातला फरक

या तिन्ही शहरांमध्ये विमानाचा विचारही नको. रोम ते फ्लोरेन्स हायस्पीड ट्रेनने साधारण दीड तास, फ्लोरेन्स ते व्हेनिस दोन तासांच्या थोडं वर. दोन कंपन्या आहेत: सरकारी 'त्रेनितालिया', जिच्या वेगवान गाड्यांना 'फ्रेच्चारोस्सा' म्हणतात, आणि २०१२ पासून धावणारी खासगी 'इतालो'. दोन्हींची ॲप्स आहेत, दोन्हींचे दर बघूनच तिकीट काढा.

- हायस्पीड: दर विमानासारखे वर-खाली होतात, लवकर काढलं तर स्वस्त. सीट ठरलेली असते. सगळ्यात स्वस्त तिकीट बहुधा बदलता येत नाही. ट्रेन चुकली की पैसे गेले.
- रीजनल: भाडं ठरलेलं, आधी काढून फायदा नाही. फ्लोरेन्स ते पिसा अशा तासाभराच्या प्रवासाला हीच घ्या. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मारावा लागतो. ॲपवरच्या तिकिटाला चेक-इन करावं लागतं. हे विसरलात तर खिशात तिकीट असूनही दंड होऊ शकतो.

स्टेशनवर गोंधळ होतो तो नावांमुळे. फ्लोरेन्स म्हणजे 'फिरेंझे', व्हेनिस म्हणजे 'व्हेनेझिया'. आणि बोर्डवर तुमचं स्टेशन नसतं, गाडीचं शेवटचं स्टेशन असतं. रोमहून फ्लोरेन्सला जाणाऱ्या गाडीवर 'मिलानो' किंवा 'तोरिनो' लिहिलेलं असू शकतं. म्हणून बोर्डवर गाडीचा नंबर शोधा. आपल्याकडे डेक्कन क्वीन नावाने ओळखतो, तिथे नंबरच चालतो.

स्टेशनं बरोबर निवडा: रोमचं 'तेर्मिनी', फ्लोरेन्सचं 'सांता मारिया नोव्हेल्ला' आणि व्हेनिसचं 'सांता लुचिया'. 'व्हेनेझिया मेस्त्रे' हे मुख्य भूमीवरचं स्टेशन आहे. तिथे उतरलात तर कालवे दिसणार नाहीत, पुढची गाडी धरावी लागेल.

पाठ करून ठेवायचे शब्द:

- पार्तेन्झे: सुटणाऱ्या गाड्या
- आर्रिव्ही: येणाऱ्या गाड्या
- बिनारिओ: फलाट
- रितार्दो: उशीर
- शोपेरो: संप

शेवटचा शब्द महत्त्वाचा. इटलीत वाहतुकीचे संप होतात, पण ते आधी जाहीर करावे लागतात. निघण्याच्या आठवड्यात 'शोपेरो' आणि आपली तारीख असं सर्च करून बघा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक रीजनल गाड्या चालवाव्याच लागतात.

रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनीला 'लिओनार्दो एक्सप्रेस' ३२ मिनिटांत पोहोचते, मध्ये कुठेही थांबत नाही. रोमच्या मेट्रोत कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट गेटवर टॅप करून जाता येतं. फक्त एका कार्डावर एकच माणूस, म्हणजे चौघांना चार कार्डं किंवा चार फोन.

गाडी भाड्याने घ्यायचा मोह टाळा. जुन्या शहरांच्या मध्यभागी 'झेड-टी-एल' नावाचे मर्यादित वाहतुकीचे भाग असतात. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड नंतर येतो. मॅप मात्र तुम्हाला बिनदिक्कत आत नेऊ शकतो.

५. नेट आणि ओटीपी: माझा घुमट इथेच हुकला

इटलीत नेटसाठी तीन पर्याय आहेत: आपल्या सिमचा रोमिंग पॅक, तिथलं स्थानिक सिम (यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो), किंवा ईसिम. छोट्या सहलीसाठी मला ईसिम सोयीचं वाटतं.

ईसिम म्हणजे प्लास्टिकचं कार्ड नसलेलं सिम. फोनमध्ये आधीच एक चिप बसवलेली असते, तिच्यात क्यूआर कोडने नंबरची माहिती उतरते. त्यामुळे भारतीय सिम काढावं लागत नाही. घेण्याआधी हे तपासा:

- डायलरवर *#०६# टाका. यादीत 'ईआयडी' दिसला तर फोनला ईसिम चालतं.
- फोन कुठल्याही कंपनीला लॉक केलेला नसावा.
- ईसिम घरी वायफायवर इन्स्टॉल करून ठेवा, कारण ते उतरवायलाच नेट लागतं. दिवस कधीपासून मोजले जातात तेही वाचा.
- बहुतेक ट्रॅव्हल ईसिम फक्त डेटाचे असतात. त्यावर बँकेचा ओटीपी येत नाही.

आता तो घुमट. फ्लोरेन्समध्ये उभं राहून मी दुओमोच्या चढाईचं तिकीट काढत होतो. त्या दिवसाचा एक स्लॉट शिल्लक होता. पेमेंटला ओटीपी हवा, तो भारतीय नंबरवर येणार, आणि त्या नंबरवर मी इंटरनॅशनल रोमिंग सुरूच केलं नव्हतं. नेट ईसिमवर मस्त चालू होतं, म्हणून मला वाटलं सगळं ठीक आहे. रोमिंग सुरू करायला कंपनीच्या ॲपमध्ये गेलो तर तिथेही ओटीपीच मागितला! तेवढ्यात स्लॉट गेला. ४६३ पायऱ्या मी अजून चढलेलो नाही.

म्हणून सेटिंग अशी ठेवा: भारतीय सिमवर इंटरनॅशनल रोमिंग सेवा निघण्याआधी सुरू, पण त्याच सिमवर डेटा रोमिंग बंद. डेटासाठी ईसिम निवडलेलं. म्हणजे ओटीपीचे एसएमएस येतील आणि डेटाचं अवाढव्य बिल येणार नाही. एसएमएस आणि कॉलचे दर आपल्या कंपनीच्या ॲपमध्ये बघून घ्या, आणि तिथे असताना अनोळखी कॉल उचलू नका.

६. पैसे: यूपीआयची सवय विसरा

इटलीत रोजच्या खर्चासाठी यूपीआय धरून चालू नका. तिथे कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. जून २०२२ च्या अखेरीपासून कार्ड नाकारणाऱ्या दुकानदाराला दंड होऊ शकतो. पण आपलं कार्ड तिथे चालेल का, हे आपल्या बँकेच्या ॲपवर ठरतं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी सुरू असतात. ॲपमध्ये जाऊन या तीन गोष्टी स्वतः सुरू कराव्या लागतात: परदेशातील व्यवहार, कॉन्टॅक्टलेस, आणि परदेशी वेबसाइटवरचे व्यवहार. प्रत्येकाची मर्यादा वेगळी ठरवता येते. परत आल्यावर ते बंद करायला विसरू नका.

- दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं ठेवा, आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.
- एटीएम किंवा स्वाइप मशीनने 'रुपयात की युरोत?' असं विचारलं तर युरो निवडा. रुपये निवडले की विनिमय दर ते मशीन ठरवतं, आणि तो क्वचितच आपल्या फायद्याचा असतो.
- थोडे सुटे युरो जवळ असू द्या. बऱ्याच शहरांत हॉटेलवर प्रत्येक माणसामागे, प्रत्येक रात्रीचा पर्यटक कर वेगळा घेतात. बुकिंग ॲपवर 'पूर्ण पेमेंट झालं' असं दिसलं तरी हा कर काउंटरवर द्यावा लागू शकतो.

७. मॅप: ऑफलाइन म्हणजे सगळं चालेल असं नाही

जीपीएसला नेट लागत नाही. फोन उपग्रहांचे सिग्नल थेट पकडतो आणि आपली जागा काढतो. नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणि रस्ता शोधण्यासाठी. म्हणून ऑफलाइन मॅप डाउनलोड करा असं सगळेच सांगतात. गुगल मॅप्समध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप करून 'ऑफलाइन मॅप्स' निवडा आणि शहराचा चौकोन डाउनलोड करा.

पण एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. गुगल मॅप्स ऑफलाइन असताना फक्त गाडीचा रस्ता दाखवतं. पायी, बस किंवा मेट्रोचा रस्ता दाखवत नाही. आता व्हेनिसच्या जुन्या शहरात गाड्याच नाहीत! म्हणजे तिथे ऑफलाइन गुगल मॅप हा फक्त बघायचा नकाशा आहे. पायी रस्ता ऑफलाइन हवा असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड टाकून ठेवा.

व्हेनिसमध्ये आणखी दोन अडचणी आहेत. एक, गल्ल्या इतक्या अरुंद की सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि निळा ठिपका उड्या मारतो. दोन, पत्ते. शहराचे सहा भाग आहेत, त्यांना 'सेस्तिएरे' म्हणतात. घरांचे नंबर गल्लीप्रमाणे नसून अख्ख्या भागाला सलग दिलेले आहेत. कास्तेल्लोत ते सहा हजारांच्या पुढे जातात. त्यामुळे 'कास्तेल्लो आणि चार आकडे' एवढ्यावर घर सापडणं कठीण. हॉटेलवाल्याला मेसेज करून तीन गोष्टी मागवा: मॅपचा पिन, जवळच्या वॉटरबस थांब्याचं नाव आणि गल्लीचं किंवा पुलाचं नाव. तिथल्या वॉटरबसला 'व्हापोरेत्तो' म्हणतात.

आणि फोनने दगा दिला तर मान वर करा. भिंतींवर पिवळ्या पाट्या आहेत: 'रिआल्तो', 'सान मार्को', 'फेर्रोव्हिया' म्हणजे रेल्वे स्टेशन. बाण बघत चालत राहिलं की ओळखीच्या ठिकाणी पोहोचता.

८. व्हेनिसचं प्रवेश शुल्क

एप्रिल २०२४ पासून व्हेनिसने काही ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांसाठी प्रवेश शुल्क सुरू केलं. २०२५ मध्ये असे ५४ दिवस होते, बहुतेक शुक्रवार ते रविवार, सकाळी साडेआठ ते दुपारी चार. आधी नोंदणी करणाऱ्याला ५ युरो, ऐनवेळी करणाऱ्याला १०. तारखा दरवर्षी जाहीर होतात, शहराच्या अधिकृत साइटवर बघा.

मुक्काम करणाऱ्यांना हे शुल्क नाही. पण 'माझं हॉटेल बुक आहे' एवढं सांगून भागत नाही. साइटवर सूट नोंदवून क्यूआर कोड घ्यावा लागतो. तो डाउनलोड करून ठेवा.

९. चार्जिंग

आपल्या फोनच्या चार्जरला दोन गोल पिना असतील तर तो इटलीत सहसा बसतो. व्होल्टेजही २३०, आपल्यासारखंच. तीन जाड पिनांचा लॅपटॉप चार्जर मात्र बसणार नाही, ॲडॉप्टर लागेल.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेतच ठेवा. साधारण मर्यादा १०० वॉट-अवर आहे. हिशोब सोपा: २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले १,००० म्हणजे ७४ वॉट-अवर. म्हणजे २०,००० ची बँक चालते. बँकेवरचे आकडे पुसले गेले असतील तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेऊ शकतात.

दिवसभर कॅमेरा, मॅप आणि जीपीएस एकत्र चालले की दुपारीच बॅटरी निम्मी होते. मी आता पन्नास टक्के झाले की चार्जिंगला लावतो, वीसची वाट बघत नाही.

१०. निघण्याआधी: एअरप्लेन मोडची परीक्षा

सगळं झालं असं वाटलं की घरी बसून ही परीक्षा घ्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय बंद करा, आणि पंधरा मिनिटांत हे जमतंय का बघा:

- प्रत्येक ट्रेन आणि संग्रहालयाच्या तिकिटाचा क्यूआर कोड उघडतो का? ईमेलमधली लिंक चालणार नाही, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट हवा.
- तिन्ही हॉटेलांचे पत्ते, पिन आणि फोन नंबर दिसतात का?
- तिन्ही शहरांत पायी रस्ता निघतो का?
- गुगल ट्रान्सलेटमध्ये इटालियन भाषा डाउनलोड झाली आहे का? मेन्यूवर कॅमेरा धरायच्या वेळी नेट असेलच असं नाही.
- विम्याची पॉलिसी, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत उघडते का?

मग दुसरी परीक्षा: फोन बाजूला ठेवून द्या. तो हरवला किंवा मेट्रोत चोरीला गेला असं समजा. आता तुमच्याकडे काय उरलं? एका कागदावर हे लिहून पाकिटात ठेवा: हॉटेलांचे पत्ते, ट्रेनचे नंबर आणि बुकिंग कोड, दोन्ही बँकांचे कार्ड बंद करायचे नंबर, घरच्या दोन माणसांचे नंबर, आपत्कालीन क्रमांक ११२. भारताचा दूतावास रोममध्ये आणि वाणिज्य दूतावास मिलानमध्ये आहे, त्यांचेही नंबर त्यावर टाका. सगळी पीडीएफ सोबतच्या मित्राच्या फोनमध्येही असू द्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सगळंच आधी बुक करायचं का?
नाही. घड्याळाशी बांधलेल्या गोष्टीच बुक करा: कोलोसियम, व्हॅटिकन, उफ्फिझी, अकादेमिया, घुमट आणि हायस्पीड ट्रेन. दिवसाला असा एकच मोठा स्लॉट, फार तर दोन. उरलेला वेळ मोकळा ठेवा. इटलीची जुनी शहरं खरी कळतात ती पायी भटकताना.

एक शहर कमी करू का?
चारच दिवस असतील तर नक्की करा. रोम आणि फ्लोरेन्स पुरेसं आहे. प्रत्येक शहर बदलताना सामान, चेक-आउट आणि स्टेशन धरून अर्धा दिवस जातो.

पाण्याची बाटली सारखी विकत घ्यावी लागते का?
रोममध्ये नाही. रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे सुमारे अडीच हजार सार्वजनिक नळ आहेत, त्यांना 'नासोनी' म्हणतात. रिकामी बाटली सोबत ठेवा.

कपड्यांचं काही बंधन?
चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सेंट पीटर्सच्या दारातून यासाठी लोकांना परत पाठवतात. उन्हाळ्यात बॅगेत एक ओढणी किंवा पातळ शर्ट असू द्या.

ही सगळी तयारी एका रविवारी दुपारी उरकते. ती दुपार मी आधी दिली असती तर व्हेनिसमधली ती रात्र कालव्याकाठी बसण्यात गेली असती, हॉटेल शोधण्यात नाही. तुम्ही गेलात तर घुमटावर नक्की चढा, आणि रोमिंग आधी सुरू करून ठेवा.